कुलपातलं ड्रॉइंग

मंगळवार, १४ फेब्रुवारी १९८४, सातपूर

माल तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने आज साठही ब्रॅकेट नापास केले. विमानाच्या कामाची आमची ही पहिलीच ऑर्डर, आणि ती नीट पार पाडायला म्हणून मालकांनी मला लेथवरून उचलून ऑफिसातल्या टेबलाशी बसवलंय. भोकं जुन्या ड्रॉइंगप्रमाणे पडली. सुधारलेलं ड्रॉइंग महिन्यापूर्वीच आलं होतं. कुठे होतं? माझ्या कपाटात. वर 'गोपनीय' असा शिक्का, म्हणून नियमाप्रमाणे कुलपात ठेवलं आणि किल्ली खिशात. खाली मशीन शॉपमध्ये सांगायचं राहूनच गेलं.

फोरमन साळवेनाना हळूच म्हणाले, "काय रे साहेब, शत्रूलाही कळू दिलं नाहीस, आम्हालाही नाही." मी हसलो. हसायला नको होतं.

मग मालकांनी विचारलं, चूक कोणाची? मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "माझी. नवीन ड्रॉइंग आलं का, मी विचारायला पाहिजे होतं." आणि मी गप्प. खिशात किल्ली टोचत होती, तरी गप्प. ज्यांनी हाताला धरून लेथ शिकवली, त्यांच्यासमोर. काय माणूस आहे मी?

निघताना पार्टिशनपलीकडून मालकांचा आवाज आला, "साळवेंचा मेमो सकाळी टाइप करा." कान तिखट असल्याचा आज पहिल्यांदा वैताग आला.

उद्या टायपिस्ट येण्याआधी केबिनमध्ये जायचं आणि मेमोवर माझं नाव घालायला सांगायचं. परत लेथवर पाठवलं तर पाठवू देत. नानांकडे मान वर करून बघता तरी येईल.