निळ्या बॉलचा आकडा

बुध. ८ जानेवारी
हायवेवरच्या मॉलमध्ये दुपारी तीनला आम्हा ज्येष्ठांचं बोलिंग. जोडीला नेहमीप्रमाणे इक्बालभाई शिकलगार. त्यांचा निळा बॉल प्लास्टिकचा. तीन वर्षं बघतोय, हातातून सुटला की रुळावरून गेल्यासारखा सरळ. कडक प्लास्टिक लेनवरच्या तेलावरून घसरत जातं, वळत नाही. आज तोच बॉल शेवटच्या टप्प्यात डावीकडे वळला आणि पहिल्या पिनेच्या कुशीत शिरला. एकदा नाही, पाच वेळा.

विचारलं. म्हणाले, "वय झालं की माणूस वाकतं, बॉल बी वाकला." सगळे हसले, मीही. घरी येईपर्यंत हसू गेलं होतं.

शुक्र. १०
पेपरचा शुक्रवारचा स्तंभ दुपारी दोनच्या आत पाठवला. मग बॉलच्या वरच्या थराबद्दल वाचत बसलो. तीन जाती. प्लास्टिक घसरतं. युरेथेन लेनला धरतं, सावकाश वळतं. रेझिनला बारीक छिद्रं, ते तेल पितं आणि कोरडी लेन आली की एकदम वळतं. म्हणजे सगळा खेळ कातडीचा. आमच्या पेपरच्या छापखान्यात तरी काय वेगळं होतं? रोलरचं रबर चकाकून कडक झालं की शाई धरत नसे. मग रोलर इ.भाईंकडे जायचा, एमआयडीसीत, नवं रबर चढवायला. तीस वर्षांची ओळख त्यातूनच.

आणखी एक वाचलं. प्लास्टिकचा बॉल थिनरसारख्या द्रवात बुडवून ठेवला तर वरचा थर मऊ पडतो, लेनला धरायला लागतो. खेळात याला बंदी.

इ.भाईंच्या कारखान्यात थिनरचे डबे भिंतीला लावून ठेवलेले असतात. बुधवारी त्यांच्या पिशवीला वास होता. होता का? की आज वाचल्यावर आठवला?

बुध. १५
आज लवकर गेलो. लेनची देखभाल करणाऱ्या सायलीला विचारलं, तेल बदललंय का. नाही, तेच, तितकंच. मग लेनचं कारण नाही.

इ.भाई पाणी प्यायला गेले तेव्हा निळा बॉल उचलला. वरची चकाकी गेलेली. अंगठ्याचं नख दाबून बघितलं, मशीनवरची माणसं रोलर बघायची तसं. खूण उमटली असं वाटलं. मागून आवाज, "बापू, आंबा न्हाई त्यो, दाबून बघायला."

बॉल खाली ठेवला. कान तापले. चकाकी कशी गेली विचारलं तर म्हणाले, पॉलिश पेपरनं घासलाय. खेळाआधी घासायला परवानगी आहे. घासल्यानं थोडा फरक पडतोही. पण एवढा?

शनि. १८
सांगलीच्या गटाचे पाटीलसर, निवृत्त क्रीडाशिक्षक, यांचा फोन. २ फेब्रुवारीला रविवारी सातारा-सांगली जोड्यांचा सामना, त्यांच्याकडे. कडकपणा ७२ च्या खाली असलेला बॉल चालणार नाही, हे दोन्ही गटांनी आधीच ठरवलंय. म्हणाले, "तुमच्याकडचं तुमी तपासा आन सहीचं पत्र धाडा. तुमची सही म्हंजे छापून आल्यागत. आमी परत मोजत बसणार न्हाई."

बरं म्हटलं. आता हे माझ्या सहीवर आलं.

सोम. २०
छपाई पुण्याला गेली तरी जुन्या छापखान्याचं स्टोअर इथंच आहे. तिथून रोलरचा कडकपणा मोजायचं घड्याळ आणलं. खिशात मावतं. खाली सुई, वर काटा. दाबलं की आकडा. हे कसं धरायचं ते मला इ.भाईंनीच शिकवलं होतं.

बुध. २२
सगळ्यांसमोर आमच्या गटाचे सहाही बॉल मोजले. इ.भाईंचा मुद्दाम शेवटी. त्यांनी स्वतः बॉल धरला. "सरळ दाबा, तिरकं न्हाई," म्हणाले. ९६. पुन्हा दाबलं, ९६. माझा स्वतःचा ९७.

पास. उत्तम पास. तिथंच पत्र लिहिलं, सही केली, फोटो काढून पाटीलसरांना पाठवला. इ.भाई बूट बांधत बसले. तीस वर्षांच्या माणसावर पंधरा दिवस संशय घेतला. लाज वाटली. त्यांना चहा पाजला. साखर जास्त झाली म्हणाले, तरी प्यायले.

शुक्र. २४
स्तंभ पाठवून झाला. घड्याळ टेबलावर होतं. सहज टेबलावर दाबलं. ९७. स्वयंपाकघरात जाऊन पोळपाटावर दाबलं. ९८. कंगवा, ९५. सुनंदा कणीक मळता मळता बघत होती. "पोळपाट पास झाला का सांगलीला जायला?"

चष्मा लावून तबकडी बघितली. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षर, 'ए'. पुस्तकं काढली. रबराची मोजपट्टी ए, कडक प्लास्टिकची डी. बॉलचे ७२ म्हणजे डीवरचे. 'ए'च्या घड्याळाला कुठलंही कडक प्लास्टिक नव्वदच्या पुढंच दिसणार. मऊ पडलेलं आणि न पडलेलं सारखंच.

म्हणजे मी काहीच मोजलं नाही, आणि त्यावर सही केली.

माझी चूक मला समजते. रोलरवाल्याला ए आणि डी कळत नाही, असं होईल का? बॉल धरून उभे होते. सरळ दाबा म्हणाले.

शनि. २५
पाटीलसरांना निरोप लिहिला. 'तपासणीत माझ्याकडून चूक झाली आहे, पत्र रद्द समजावे.' दोन ओळी. आयुष्यभर दुसऱ्यांचे खुलासे छापले. पाठवला नाही. पाठवला की पहिला प्रश्न येणार, कुणाचा बॉल? आणि उत्तर खरं असो-नसो, रविवारी सगळी सांगली इ.भाईंच्या हाताकडे बघणार.

न पाठवला तर माझी सही खोटी.

सोम. २७
एमआयडीसीत गेलो. इ.भाई लेथपाशी, अंगावर रबराची धूळ. दारापासूनच थिनरचा वास. त्यांच्या शर्टाला तो तीस वर्षं येतोय, हेही खरं. बॉलच्या पिशवीला न येऊन कसं चालेल?

स्टूल दिलं. मी घड्याळ काढलं, म्हटलं, हे 'ए'चं आहे.

"व्हय."

"तुम्हाला बुधवारी माहीत होतं?"

"हुतं की."

"मग बोलला का नाहीत?"

लेथ बंद केला. हात पुसले. "तुमी मला इचारलं कुटं, बापू? यंत्राला इचारलं. मला वाटलं, आता तरी इचारतील. तुमी च्या पाजला."

 बॉल बुडवलात का, एवढंच विचारायचं होतं. चार शब्दही नाहीत. आयुष्यात कुणाकुणाला काय काय विचारलं. हे विचारलं नाही.

त्यांनी ड्रॉवरमधून दुसरं घड्याळ काढलं. डी. निळा बॉल गोणपाटाच्या पिशवीत घातला, घड्याळ वर ठेवलं आणि स्वतः माझ्या स्कूटरच्या पायाशी आणून ठेवला.

"घिऊन जावा. घरी बसून मोजा. आकडा तुमच्यापाशीच ठिवा, मला सांगू नका. न्हाई चालला तर नुसतं न्हाई म्हना, सांगलीत तिथला बॉल घिऊन खेळंन. पर एक हाय, मोजल्यावर पुढच्या बुधवारपासनं जोडीदार दुसरा बघा."

हे रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

निर्दोष माणूस असं बोलतो. पकडला जाऊ नये म्हणूनही माणूस असंच बोलतो.

बुध. २९
इ.भाई खेळायला आले नाहीत. बॉल माझ्याकडे, येणार कशाला. माझा नेम पूर्ण चुकला, दोनदा गटर.

पिशवी हॉलमध्ये, कपाटाशेजारी. सुनंदा तिच्या कडेनं झाडते. जेवताना म्हणाली, "मोजून टाका एकदाचं. घास तरी नीट जाईल."

"कमी आला तर?"

"तर कळेल."

"आणि बरोबर आला तर?"

वाढता वाढता थांबली. "मग त्यांच्या दारात कुठल्या तोंडानं जाणार?" म्हणाली आणि आमटी वाढली.

शुक्र. ३१
स्तंभ चार वाजता गेला. संपादकांचा फोन, बरं आहे ना? दोनची वेळ मी कधी चुकवली नव्हती.

दुपारी बॉल बाहेर काढला. खिडकीच्या उजेडात फिरवला. घासल्याचे बारीक ओरखडे, सगळीकडे सारखे, हातानं मन लावून केलेले. नाकाशी धरला. गोणपाटाचा वास. घड्याळाची सुई बॉलवर टेकवली. दाबली नाही.

पाटीलसरांचा निरोप आला. सातारकरांसाठी भडंग बांधून ठेवलाय, पत्राबद्दल आभार.

शनि. १ फेब्रुवारी
सकाळी ठरवलं. पाटीलसरांना फोन केला. माझ्या सहीचं पत्र धरू नका, घड्याळ चुकीचं वापरलं, चूक माझी. उद्या सगळ्यांचे बॉल, माझ्यासकट, तिथं मोजा. मी 'डी'चं घड्याळ आणतो. नाव कुणाचं घेतलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कुणावर डाऊट हाय काय, साहेब?" नाही म्हटलं. हे खोटं बोललो.

संध्याकाळी इ.भाईंचा फोन. उद्या सकाळी सहाला गाडी घेऊन येतो, कोरेगावहून, घरून निघताना मिस्कॉल देतो, सुनंदावहिनींना म्हणावं दशम्या नकोत, बायको खिमा देणार आहे. मी पाटीलसरांशी बोललेलं सांगितलं. सगळं.

"म्हंजे तिथं मोजणार."

"हो."

"आन घरी? पाच दिस बॉल तुमच्याकडं हुता."

"नाही मोजला."

"का न्हाई मोजला? माज्यावर इस्वास हाय म्हनून, का आकड्याला भ्यालात म्हनून?"

मी कपाटाशेजारच्या पिशवीकडे बघत राहिलो. त्यांनी वाट बघितली. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. सांगलीपतूर दोन-अडीच तास हायत. तवर सुचंल."