तिसरा टॅब

४ फेब्रुवारी, मंगळवार

आमची चंदना परत सन्मतीच्या मागं लागली. आपल्या जैन समाजाची लग्नाची वेबसाइट तोच सांभाळतो. फोनवर म्हणाली, "तुझे टॅब कीबोर्डच्या कळांनी उघडत न्हाईत. माऊस घेऊन काय चटणी वाटू?" तो हसला — "करतो की आक्का, जरा थांब." असाच थांबव रं बाबा!

पोरीला दिसत न्हाय. चौथीत ताप डोक्यात गेला, तवापासनं. कॉम्प्युटर तिच्या कानात बोलतो, ती कळा दाबत जाती. बेळगावच्या हापिसाचं काम घरनंच करती. पर त्या साइटवर प्रत्येकाच्या पानाला वर तीन टॅब — ओळख, शिक्षण, अपेक्षा. ओळख तेवढी तिला ऐकू येती. पुढचे दोन मी माऊसनं उघडायचे, मी वाचून दाखवायचे.

तिच्या स्वतःच्या पानावरच्या अपेक्षा मी सन्मतीकडनं लिवून घेतल्यात, तिला बोलू नकोस म्हणून. ती समजती — निर्व्यसनी, शिकलेला, समजूतदार. पर लिवलंय — विधुर चालेल. वय कितीही. मुलं असल्यास चालतील. मग काय लिवू? एकतिसावं सरलं. बाप गेला. भाऊ पुण्यात, भावजय दिवाळीलाबी फोन उचलत न्हाय. माझ्यामागं हिला ताट कोण वाढणार?

९ फेब्रुवारी

चिकोडीचा एक जण बघायला आला. केस काळे केलेले, मिशा पांढऱ्या! दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून साडेपाचलाच पानं वाढली. जेवता जेवता मला विचारतो, "माझ्या पोरींना आंघोळ घालायला जमंल का हिला?" चंदना समोरच बसलेली. भिंतीला बोलल्यागत बोलला.

तो गेल्यावर म्हणाली, "असलीच कशी येतात गं?"

"न वाचता येतात मेले," म्हटलं.

१७ फेब्रुवारी

काय न्हाय. डोकं दुखतंय.

२२ फेब्रुवारी

सन्मतीनं टॅब नीट केले. आत्ताच बरी सवड मिळाली त्याला!

चंदनानं हाक मारली, कानातलं काढून आवाज मोठा केला. "ऐक आई." बाणाची कळ दाबली. कॉम्प्युटर बोलला — शिक्षण, टॅब, तीनपैकी दोन. पोरगी लई खूश. मी बघितलं, कुणाचं पान ते. तिचंच! म्हटलं, "ऱ्हाऊ दे आता, चहा घे." तिनं परत कळ दाबली. अपेक्षा, टॅब, तीनपैकी तीन. आणि सुरू झाला. विधुर चालेल. वय कितीही. एका सुरात, बाजारभाव वाचल्यागत. मला तो बंदबी करता येईना.

रडली न्हाय.

"किती जण हे वाचून मला बघून गेले गं?"

"तुझ्यासाठीच केलं."

"मला विचारायचं हुतंस. डोळे गेलेत, तोंड हाय की."

मी चिडून बोलले, "तोंडाला बघून कोण न्हेतंय?" बोलून गेले खरी.

२३ फेब्रुवारी

बोलत न्हाय. भाकरी वाढली की खाती, तेवढंच.

१ मार्च

आज बोलली. राग गेला वाटतं. म्हटलं, तुला पाहिजे तशा अपेक्षा घाल. "घातल्या," म्हणाली. काय घातलंस? "निर्व्यसनी, शिकलेला, समजूतदार. तुला ठाऊकच हायत की." बरं वाटलं. पर आता कोण यायचंय?

१४ मार्च

सकाळी बस्तीत दर्शनाला गेलते, तिथं सन्मती भेटला. म्हटलं, "फोनच न्हाय कुणाचा. बंद पडली का रं तुझी साइट?"

"तुमच्याकडं कसा येईल काकू? आक्कानं स्वतःचा नंबर घातलाय. चांगली स्थळं येतात की. रविवारी बेळगावात भेटली न्हवं का त्या मुलाला —" आणि चपला शोधाय लागला.

रविवारी हापिसचं काम म्हणाली हुती. स्टँडवर जाऊन, खिडकीची जागा बघून, मीच बसवून आलते.