बाप्तिस्म्याच्या हौदाची दोन गुंठे जागा

मी, माणिकप्पा शमुवेल हंदरगुळे, वय ६७, राहणार मिशन कंपाउंड, जळकोट, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कायद्याला तेवढे पुरते, असे वकील म्हणाले. मजकूर माझ्याच हातचा आहे, कारण टंकलेखकाच्या शुद्धलेखनावर माझा भरवसा नाही.

१. राहते घर चिरंजीव अमृतराव, राहणार नांदेड, याला द्यावे. तो ते विकणारच आहे. मी मेल्यावर त्याला उगाच खोटे बोलायला लागू नये, म्हणून अट घालत नाही. बँकेतली शिल्लक आणि माझी पत्नी कै. गुणाबाई हिचे शिलाई मशीन मुलगी शिल्पा हिला.

२. माझी पुस्तके, भिंतीवरचे नकाशे आणि फळ्यावरचा लाकडी कंपास गावातल्या जिल्हा परिषद शाळेला द्यावा. आमच्या बाप्टिस्ट अध्यापक विद्यालयाचे एवढेच माझ्याकडे उरले. निजामाच्या अमलात मिशनच्या गोऱ्या साहेबांनी ते काढले, तेव्हा परवानगीचा कागद उर्दूत आला होता. माझे वडील, मूळचे लिंबाजी, बाप्तिस्म्यानंतर शमुवेल, पहिल्या तुकडीत शिकले आणि तिथेच मास्तर झाले. पुढे जळकोटपासून देगलूरपर्यंत कोणत्याही शाळेत जा, फळ्यावरचे अक्षर पाहून मास्तर आमच्याकडचा आहे हे ओळखू यायचे. दोन हजार सतरा साली विद्यालय बंद पडले. शेवटचा प्राचार्य मी. आता त्या वर्गांत सोयाबीनची पोती आहेत. बाके परस्पर विकणाऱ्या संस्थेच्या सचिवांना मी माफ केलेले नाही. चर्चच्या पाळकांनी दोनदा समजावले. पाहू.

३. आता हौद. आम्हा बाप्टिस्टांचे कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. कळत्या वयात अख्खा माणूस पाण्याखाली जावा लागतो. त्यासाठी चॅपलमागे दगडी हौद आहे. साहेबांचा दंडक होता की बाप्तिस्मा झाला की लगेच बूच काढून हौद रिकामा करायचा. नाहीतर लोक ते पाणी तीर्थ म्हणून घरी नेतील, आणि पाण्यात पुण्य नसते हेच तर आपण शिकवतो.

दोन हजार सोळाच्या ईस्टरला शिल्पाचा बाप्तिस्मा होता. दुष्काळाचे वर्ष, टँकरची वाट पाहण्यात दिवस जायचा. शिल्पा म्हणाली, "बाबा, पाऊस पडल्यावर घेऊ की." मी ऐकले नाही. विद्यालय निघाल्यापासून एकाही ईस्टरला हौद कोरडा राहिला नव्हता. मागच्या गल्लीचा टँकर मी हौदात रिकामा करवला. बाया कुरकुरल्या, तेव्हा त्या गल्लीतली कोंडाबाईच त्यांना म्हणाली, "भरू द्या सरांचा हौद. लेक पान्यातून निघाली की आपुन उपसून नेऊ." हे मी माझ्या कानांनी ऐकले होते.

प्रार्थना संपली. बाया घागरी घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. मी सवयीने वाकलो आणि बूच उपसले. 'सवयीने' हा शब्द मागे घेतो. बाया मला दिसत होत्या. आपल्या हातून दंडक मोडायला नको, एवढेच माझ्या मनात होते. पाणी भेगाळलेल्या जमिनीत गेले. कोंडाबाई तेवढे म्हणाली, "आमाला तीर्थ नको व्हतं, सर. पानी पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच भरलेली घागर घेऊन माझ्या दारात आली. "घ्या. तुमच्या घरी बी न्हाई, ठावं हाय मला." मी ती घेतली, आणि ते पाणी प्यायलोही. त्याची लाज अजून जात नाही.

त्या गल्लीतून दर वर्षी मुली आमच्या विद्यालयात यायच्या. त्या जूनमध्ये एकही आली नाही. कोंडाबाईची लेक बुद्धप्रियासुद्धा उदगीरच्या विद्यालयात गेली. अमृतराव म्हणतो, शिक्षक भरती थांबली म्हणून अशी विद्यालये सगळीकडेच बुडाली. खरे आहे ते. पण बुद्धप्रिया रोज माझ्या दारावरून उदगीरची बस धरायला जायची, आणि मी आत सरकायचो.

४. हौदाची दोन गुंठे जागा साहेबांनी वडिलांच्या नावे करून दिली होती, म्हणून ती मला देता येते. ती कोंडाबाईला द्यायची असे ठरवून मी कच्चा मजकूर तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "जागा देऊन मोकळं व्हता व्हय, सर?" मी कागदाची घडी घालू लागलो. मग तिने विचारले, "साक्षीदार कोन हाय?" मी सांगितले की दोघे लागतात; पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष घातली, तर त्याचे मिळणे रद्द होते.

"मग मला काय बी नको," ती म्हणाली. "मी बघितलेलं हाय. साक्ष माझीच पायजे."

म्हणून ती जागा हौदासह नगरपंचायतीला, मागच्या गल्लीच्या पाण्यासाठी. चॅपलच्या पत्र्यावरचे पावसाचे पाणी हौदात सोडावे. पाळकांनी होकार दिला आहे. गल्लीच्या बाजूने तोटी बसवावी. कुलूप लावू नये. बुचाचे भोक सिमेंटने कायमचे बुजवावे आणि बूच माझ्या शवपेटीत, माझ्या हाताशी ठेवावे.

ठिकाण: जळकोट. दिनांक: ९ मार्च २०२५.

सही: मा. श. हंदरगुळे

साक्षीदार:

१. चंद्रप्पा विठ्ठलराव घोणसीकर, निवृत्त मुख्याध्यापक, जळकोट. (सही)

२. कोंडाबाई नरसिंग सोनकांबळे, मागची गल्ली, जळकोट. (सही. अंगठा नको म्हणाली. सहीआधी कलम ३ पुन्हा वाचायला लावले. वाचून झाल्यावर म्हणाली, "बरुबर लिवलंय.")