पहाऱ्याची खुर्ची

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आले एकदाची! बदलीची ही चौथी खेप, त्यामुळे सामान बांधण्यात आता माझा हात कोणी धरणार नाही. कपड्यांच्या दोन बॅगा आणि पुस्तकांची पाच खोकी. पाचवं खोकं वर चढवताना हमालाने विचारलं, यात दगड भरलेत का? मी म्हटलं, राक्षस आहेत, आणि दोन-चार ग्रह. तो हसला नाही. घामाघूम झाला होता बिचारा.

खोली झकास आहे. वरच्या मजल्यावर ही एकच; मोठी खिडकी, टेबल आणि भिंतभर रिकामी फडताळं. हॉस्पिटलच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लागली होती: अद्भुतकथा आणि विज्ञानकथा वाचणाऱ्या व्यक्तीस खोली देणे आहे. असली अट घालणारं घर मी सोडते होय! घरमालकीण भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. माझी खोकी पाहून त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

संध्याकाळी डुलकीचा फोन. ही माझी धाकटी बहीण. लहानपणी ताटावर, बाकावर, कुठेही पेंगायची, म्हणून हे नाव चिकटलं. तिला पुस्तकांचं वावडं. म्हणाली, ताई, आता तरी जरा माणसांत मिसळ.

३ नोव्हेंबर, रविवार

मिसळले माणसांत! दर रविवारी दुपारी तीन वाजता बाईंच्या टेबलावर खेळ चालतो. बाई गोष्ट सांगतात: डोंगरातली खिंड, खिंडीच्या तोंडावर गड, सगळीकडे बर्फ. बाकीचे एकेक पात्र होतात, आपण काय करणार ते सांगतात आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात. दातांचे डॉक्टर मांत्रिक झालेत. शिंपीकाका हेर आणि टपालवाले काका तिरंदाज. तिघं मिळून दोनशे वर्षांचे असतील, पण भांडतात शाळेतल्या पोरांसारखे. जन्मभर असल्या गोष्टी नुसत्या वाचल्या. आत शिरायला आज पहिल्यांदा मिळालं.

एक खुर्ची रिकामी होती, पहारेकऱ्याची. त्याच्या पात्राचा कागद जुनाट, वर पाच-सहा निरनिराळ्या अक्षरांतली नावं, शेवटचं सोडून सगळी खोडलेली. त्याखाली मी माझं लिहिलं. लिहिल्याबरोबर बाईंनी माझ्या वरचं नाव खोडलं. शिंपीकाकांनी केवढा तरी श्वास सोडला. पहारेकऱ्याला नियम एकच, बाईंनी सांगितलं: डोळ्याला डोळा लागता कामा नये. मी म्हटलं, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये वीस वर्षं काढलीत, जागरणाचं मला काय सांगता!

मी एकटीच हसले.

४ नोव्हेंबर, सोमवार

झोप आली नाही. नवी जागा, दुसरं काय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच दिवस झाले, पापणीला पापणी लागलेली नाही. थकवा सगळा येतो. पाय भरून येतात, पाठ मोडते, बोलताना शब्द हरवतात. झोप तेवढी येत नाही. जांभईसुद्धा नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या पाणी प्यायल्यासारख्या गेल्या.

डोळे मिटले की बर्फ दिसतं. मी कठड्याशी उभी आहे, खाली खिंड, आणि लांबवर मशाली. सात. अतिवाचनाचा परिणाम, असं डुलकी म्हणेल. म्हणून तिला सांगितलं नाही. कोणालाच नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

खेळ सुरू झाला. बाई म्हणाल्या, पहारेकऱ्याला खिंडीच्या पलीकडे मशाली दिसतायत. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, सात.

ही वही शुक्रवारपासून माझ्या पर्समध्ये आहे. पर्स माझ्या मांडीवर होती.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि काचेवर रक्ताच्या पेशी नव्हत्याच. बर्फ होतं. मशाली मोजल्या. एकेचाळीस. वळणाच्या अलीकडे आल्यात.

त्या नादात दोन नळ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. एक रक्त तीन दिवसांच्या बाळाचं, दुसरं कुणाच्या तरी आजोबांचं. शेजारच्या मुलीच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. वीस वर्षांत माझ्या हातून एक चिठ्ठी चुकली नव्हती. आमच्या प्रमुख ओरडल्या नाहीत, रजा घ्या म्हणाल्या. बाथरूममध्ये जाऊन रडले. भीतीने नाही. नुसती दमले म्हणून.

१७ नोव्हेंबर, रविवार

सांगून टाकलं. हा खेळ मला नको, नाव खोडा.

कोणी रागावलं नाही. तेच जास्त लागलं. बाईंनी चहा ओतला आणि सांगितलं. एकदा एक पहारेकरी असाच उठून गेला. खुर्ची आठवडाभर रिकामी राहिली. त्या रविवारी मशाली तटाला भिडल्या. बाईंचे यजमान वरच्या खोलीत खिडकी लावायला गेले, ते परत खाली आलेच नाहीत. जिना एकच आहे. खिडकीला गज आहेत.

वरची खोली म्हणजे माझी.

मग खेळ बंद का करत नाही? तर बाई म्हणाल्या, आम्ही काय हौसेने खेळतो, बाळा? थांबलो तर तिकडचे थांबणारेत का? दातांचे डॉक्टर सगळा वेळ फरशीकडे बघत होते.

नाव खोडायचा एकच मार्ग आहे. खाली दुसऱ्याने आपलं लिहायचं. स्वतःच्या हाताने, राजीखुशीने.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

काल लॉजवर गेले. तिथेही तेच. आज परत आले. झोप कुठेच नाही, मग पुस्तकं तरी जवळ असावीत. वाचता मात्र येत नाही. ओळी हलतात.

टपालवाल्या काकांकडून आधीच्या भाडेकरूचा नंबर घेतला. विमा कंपनीतला कारकून. फोनवर ओक्साबोक्शी रडला. सूचनाफलकावरची चिठ्ठी त्याची होती. आता दिवसाला चौदा तास झोपतो म्हणे. माफी मागितली, आणि म्हणाला, तुम्हीही शोधा कोणीतरी. पुस्तकं वाचणारंच हवं असं नाही. तुमची दया येईल असं माणूस पुरतं.

फोन ठेवला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

डुलकी आली! मी बोलावलं नव्हतं. प्रमुखांनी तिला कळवलं. दारात मला पाहून बॅग तिच्या हातातून सुटली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, ताई, काय करून घेतलंस हे?

तिला सगळं सांगितलं. खेळ, कागद, नावं, मशाली. सांगायला नको होतं. वाटलं होतं, हसेल. हसली नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मोजता येत नाहीत आता. डोळे उघडे असले तरी दिसतात. तटाच्या पायथ्याशी. शिड्या लावतायत.

दुपारी डुलकी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशीच. दोन तास बघत बसले. एवढा हेवा मी जन्मात कुणाचा केला नाही —

उठल्यावर तिच्याकडून शपथ घेतली. खाली जायचं नाही. कागदाला हात लावायचा नाही. घेतली तिने. पण लहानपणापासून तिने एक शपथ धड पाळलेली नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार. सकाळ

अक्षर माझं वाटत नाही. उद्या तिला गाडीत बसवून देणार. मी राहीन इथे. पहारा देईन. सवय होईल. माणसाला कशाचीही —

रविवार. दुपार

डुलकीने मला बळेच आडवं केलं. पांघरूण घातलं. ताई आज खेळणार नाही एवढं सांगून येते म्हणाली. नको म्हटलं. आवाजच फुटला नाही. कपाळावर हात ठेवला तिने, आणि —

पावणेतीन. अजून वर आली नाही.

खाली खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग सगळं शांत.

मशाली दिसत नाहीत.

बर्फ नाही. पांढरी भिंत आहे नुसती, खोलीची. फडताळं. माझी पुस्तकं.

जांभई आली. एकवीस दिवसांनी

नाही. नाही, हे तिने — तिने नाव —

उठायला हवं. जिना उतरून तिच्या हातातून पेन — पाय हलत नाहीत, इतके जड, इतके ऊबदार. देवा, किती गोड आहे हे. लाज वाटते, पण किती

डोळे मिटायचे नाहीत. हाक मारते. तिला ऐकू जाईल. आत्ता मारते. ऊठ ग ऊठ, डुल