झाडाचं का किड्याचं

सर, तुम्ही मध खात नव्हता. वर्गात कुणी कारण विचारलं की म्हणायचात, आमच्या जैन घरात तो वर्ज्य आहे, पोळं पिळताना जीव जातात. एवढंच. पुढे धडा.

त्या हिवाळ्यात आभाळ बरेच दिवस दाटून राहिलं आणि ज्वारीवर चिकटा, तो गोड चिकट थर, पडला. ऊन उघडल्यावर मावा ही कीड दाखवायला तुम्ही अख्खा वर्ग आमच्या रानात आणलात. मला अजून दिसतं: तुम्ही पान उन्हाकडे धरता, ते तेल लावल्यासारखं चमकतं, खालच्या बाजूला मावा दाटलेला. पोरं बोटं चाटू लागली, मीही. "सर, तुमी बी चाटा की, फुकटचंय," कुणीतरी म्हणालं. माझी आई हसली, कडब्यावरचा चिकटा बैलसुद्धा चाटतात म्हणाली. तुम्ही पान नाकापर्यंत नेलंत आणि थांबलात. "झाडाचं असंल तर बिलकुल चाटतो. किड्याचं असंल तर न्हाई." मग माझ्याकडे वळून, "बेटा, तू शोध."

मी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. भेटलात की विचारायचात, लागला का पत्ता. पुढे उसावर पांढरा लोकरी मावा आला, पानं चिकट झाली, नंतर काळी पडली. लोक फवारणीच्या धावपळीत होते. मी न फवारलेल्या वावरातून थेंब गोळा करून आणले. प्रयोगशाळेतल्या टिपकागदावर उसाच्या रसातल्या साखरा वेगळ्या केल्या, शेजारी चिकट्यातल्या. चिकट्यात उसाचीच साखर होती. आणखी एक होती, ती उसात नव्हती. किड्याच्या पोटात जोडली गेलेली.

मस्तगडला तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळला होतात, जेवण चमच्याने, पातळ. माझ्या पिशवीत ओल्या फडक्यात चिकटा लागलेलं उसाचं पान होतं. झाडाचं आहे म्हणाले असते तर तुम्ही जीभ लावली असती. तुमच्याकडे पाहिलं आणि खरं तेच सांगितलं: दोघांचं.

तुम्ही छताकडे नजर वळवलीत. "मंग राह्यलं," म्हणालात. मग हळूच, "तू तर चाटलंयस. कसं लागतं?"

"काही खास नाही, सर. फिकं असतं."

वर्गात माझं खोटं तुम्ही लगेच पकडायचात. त्या दिवशी नुसती मान हलवलीत आणि डोळे मिटलेत.

परतताना एसटीत मी फडकं उघडलं, पानावरून बोट फिरवलं, तोंडात घातलं. तुम्ही तर गेलात, हे पत्र आता कुठे पाठवू? फिकं नव्हतं, सर.