मंगळवारची भाकरी

कळंब, १० सप्टेंबर २०२५

प्रिय अस्मिता,

वर्षभरात तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. कामं होती असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. लाज वाटत होती.

आधी बातमी. काल आपल्या शाळेनं मुलींच्या फुटबॉलची जिल्ह्याची फायनल जिंकली! दोन-शून्य, आणि दोन्ही गोल शेवटच्या दहा मिनिटांत. समोरच्या मुली कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आपल्या पळतच होत्या. मी इतकी ओरडले की आज वर्गात आवाज फुटत नाही.

कालही मंगळवारच होता, गेल्या वर्षीच्या फायनलसारखा. तेव्हा आई भवानीसाठी सगळ्या संघानं कडक उपवास धरायचा, असं मीच ठरवलं होतं. दुसऱ्या हाफमध्ये तू चालायला लागलीस, आपण हरलो, आणि सगळ्यांसमोर मी म्हणाले, हिच्यात दमच नाही. त्यानंतर तू मैदानावर आलीच नाहीस.

यंदाही मी उपवासाचं काढलं, तर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या नागूबाई कडाडल्या, "मॅडम, नवस तुमचा, तर उपाशी तुम्ही ऱ्हावा की! पळायचं पोरींना हाय." आधी राग आला. मग वाचलं, विचारलं. महिनाभर सरावाआधी केळं, नंतर भाकरी, उसळ, अंडं. काल सामन्याच्या तीन तास आधी ज्वारीची भाकरी आणि वरण. उपवास मी एकटीनं धरला.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, गेल्या वर्षी तुम्हाला उपाशी खेळवलं नसतं तर तेव्हाच जिंकलो असतो. सगळ्या खिदळल्या. कॅप्टन देवश्री म्हणाली, "आमी कुठं उपाशी होतो, मॅडम? घरून भाकरी हाणून आलतो. अस्मिताच तेवढी येडी, तुमचं ऐकलं तिनं." मग तिचं तिलाच कळलं आणि तिनं जीभ चावली.

माझं ऐकणारी तू एकटी, आणि बोल लावला तो तुलाच. तू तेव्हा एका शब्दानंही सांगितलं नाहीस.

आता हे पत्र कशासाठी, ते. जूनमध्ये तुझ्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी मला फोनवर तुझ्याबद्दल विचारलं होतं. दमात कमी आहे, असं मी सांगितलं. कॉलेजच्या संघाच्या यादीत तुझं नाव का आलं नाही, हे तुला ठाऊक नसेल. माझ्यामुळं. शुक्रवारी तिथं पुन्हा निवड आहे. मला माफ करायचं की नाही ते तू ठरव, पण शुक्रवारी जा. आणि पोटभर जेवून जा.

तुझीच,
महेश्वरी मॅडम

ता. क. उद्याचं माझं काम: पहिल्या एसटीनं धाराशिवला तुझ्या कॉलेजात जाऊन हे पत्र तुझ्यासाठी ठेवणं आणि त्या सरांना, माझं चुकलं, हे समोर उभं राहून सांगणं.