आबांचं पित्त

११ जाने. ९९, कारेगाव
कंपनीत तपासणी. साखर मागल्या वर्षीसारखीच चढलेली. रांगेत नव्या मशिनबरोबर आलेला जर्मन साहेबही. साखर माझ्याइतकीच, वजन माझ्या दीडपट. मला हसू आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हसू नका, रामभाऊ. साखर दोघांना, पण हार्टचा धोका तुम्हाला जास्त." म्हटलं, मी तर काटक. "आपल्याकडची माणसं बारीक असूनही त्यांच्यापेक्षा लवकर त्याच्या तावडीत सापडतात." जिना चढताना दम लागतो का, विचारलं. नाही म्हणालो. धडधडीत खोटं.

१२ जाने.
बाईंनी आज पुन्हा बोलावलं. वडील कशानं गेले? पित्तानं, म्हणालो. साखर होती? होती. आबा गूळ करायचे, गुळव्याला साखर म्हणून गाव हसायचं. छातीत दुखलं होतं? नाही. नुसता घाम, मळमळ, दम. बाई लिहायच्या थांबल्या. "साखरवाल्यांना अटॅकमध्ये कधी कधी दुखतच नाही."
दिवसभर कामात लक्ष नव्हतं.

१४ जाने., खुटबाव
संक्रांतीला गावी. गुऱ्हाळाचा वास फाट्यापासूनच. आबा उकळत्या काहिलीतला पाक पाण्यात सोडायचे, गोळी वळून आधी माझ्या जिभेवर ठेवायचे. "जमला का रं?" जणू मलाच कळत होतं! आबांची फार आठवण आली. तिळगूळ दोन खाल्ले. तीन.
आईला आबा गेले त्या दिवसाचं विचारलं.
"चुलवणापाशी बसलं व्हतं, घामानं भिजल्यालं. मीच म्हनलं, पित्त हाय. तू न्हाई का तांब्या भरून गूळपानी आनलंस?"
आणलं होतं. एका दमात प्यायले. "ग्वाड हाय रं," म्हणाले आणि आडवे झाले. आम्ही पित्त उतरायची वाट बघत बसलो, संध्याकाळपर्यंत.
बाई काय म्हणाल्या ते आईला सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू?

१६ जाने., कारेगाव
आज बाई नव्हत्या. सोमवारी दमाचं खरं सांगायचं. नक्की.

१७ जाने.
रविवार. पाण्याची बादली घेऊन जिना चढलो आणि दारातच बसलो. बनियन चिंब. मळमळ. छातीत काहीच नाही.
मंदा घाबरली. "आवं, पित्त खवळलंय. गूळपानी घ्या." आमच्या घरात हेच औषध, बायकोलाही मीच शिकवलेलं.
म्हटलं, नको. रिक्षा बघ, शिरूरला दवाखान्यात जाऊ.
ती चौकात गेलीय. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितोय. तांब्या भरून समोर ठेवलाय तिनं. घसा कोरडा पडलाय. रिक्षा अजून